ऋतू बदलला, हे तुम्हाला कोणत्या दुकानात कळतं?

कृष्णाकाठची | ८ जून, सकाळी ७.४०

काल मृग लागला. पावसाचा थेंब नाही, पण संध्याकाळी सांगलीच्या गणपती पेठेत गेले तर आमच्या नेहमीच्या किराणा दुकानाच्या दारातल्या दोरीवर मीटरने विकायचे प्लास्टिकचे कागद टांगलेले. निळे, काळे, पांढरे. चार दिवसांपूर्वी त्याच दोरीला लोणच्याच्या मसाल्याची पाकिटं होती. त्याआधी, मी गावात नव्हते तेव्हा, पाडव्याच्या साखरेच्या गाठी लटकून गेल्या असणार. दुकानाचे मालक आता सत्तरीचे आहेत. त्या दोरीवर कधी काय लावायचं हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही, आणि ती दोरी बघितली की मला पंचांग उघडावं लागत नाही.

हे आत्ताच का सुचलं ते सांगते. मार्चच्या सुरुवातीला मी मुलाकडे जर्मनीत गेले होते, श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात. व्हिसाच्या नियमात नव्वद दिवस बसतात, ते सगळे राहून मेअखेर परतले. परत आल्यावर दुकानात शिरले आणि काही क्षण मला काही सुचेचना. चैत्र गेला, वैशाख गेला, डंकावर चटणी कुटून आणायचे दिवस गेले, ब्याडगीची पोती दारातून आत गेली. माझं वर्ष मधेच तुटल्यासारखं वाटलं. घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर तर बरोबर महिना दाखवत होतं!

आणि मग लक्षात आलं, की तिकडे नेमकं उलट झालं होतं. पहिले पंधरा दिवस मला तिथला काळच कळत नव्हता. झाडं उघडी, आभाळ करडं. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे गेली, तेही मुलाने सांगितलं म्हणून कळलं. मला रस्ता सापडला तो दुकानाच्या दारात. आधी बियांची पाकिटं आणि मातीच्या पिशव्या आल्या. मग ईस्टरची रंगवलेली अंडी. एप्रिलच्या मध्यावर चौकात एक खोपटं उभं राहिलं आणि तिथे पांढऱ्या कांड्यांच्या जुड्या दिसायला लागल्या. तो त्यांचा 'श्पार्गल', म्हणजे शतावरीच्या जातीची भाजी. आपण उसाला भर लावतो तशी त्याला माती चढवतात, ऊन लागू देत नाहीत, म्हणून तो पांढरा राहतो. २४ जूनला काढणी बंद. त्यानंतर झाडाला पुढच्या वर्षासाठी ताकद धरू द्यायची. लोक एवढ्या आतुरतेने त्या खोपटापुढे उभे राहतात, की मला आपली हापूसची पहिली पेटी आठवली.

रोपांच्या दुकानातली एक गोष्ट मनात फार घर करून राहिली आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात ऊन छान पडलं होतं, म्हणून मी टोमॅटोची रोपं उचलली. गल्ल्यावरच्या बाईने ती दिली, पण मुलाला बजावून सांगितलं, की सोफी झाल्याशिवाय जमिनीत लावू नका. त्यांच्याकडे मेच्या मध्याचे चार-पाच दिवस 'बर्फाचे संत' म्हणून ओळखतात. एकेका संताचा एकेक दिवस, शेवटची १५ मेची 'थंड सोफी'. तोवर रात्री दहिवर गोठून रोप जळू शकतं. रोहिणीची पेरणी की मृगाची, यावर पारावर वाद घालणारे माझे आजोबा त्या बाईशेजारी उभे आहेत असं वाटलं.

तर माझा प्रश्न साधा आहे. तुम्ही जिथे असाल तिथे, सांगलीत, साताऱ्यात किंवा सातासमुद्रापलीकडे, ऋतू बदलला हे तुम्हाला कोणत्या दुकानात कळतं? सविस्तर लिहा. मला खरंच वाचायचं आहे.

यवतेश्वर | ८ जून, सकाळी ९.०५

काकू, फार छान धागा.

साताऱ्यात मेमध्ये जावळीच्या डोंगरातून बायका करवंदं, जांभळं, आळू घेऊन उतरतात. राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत पाट्या मांडून बसतात. पानाच्या द्रोणात करवंदं. पहिला वळीव पडला की करवंदाची चव उतरते, आणि चार दिवसांत त्या पाट्या दिसेनाशा होतात. माझ्यासाठी उन्हाळा तिथे संपतो.

वर महाबळेश्वरला तर दुकानच अंगावर कपडे चढवतं. पावसाच्या बाजूच्या भिंतींना गवताच्या झडी बांधतात, वरून प्लास्टिक, आणि बाजारपेठेतली बरीच दुकानं पावसाळाभर बंद. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलायचा म्हणजे दुसरा इलाज नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात स्ट्रॉबेरीच्या पेट्या रस्त्याला आल्या की समजायचं, थंडी बसली. त्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्यासाठी ती त्याआधीही थंडीचीच खूण होती.

कंदी पेढा मात्र बारा महिने सारखाच. त्याला ऋतू नाही, आणि ते बरंच आहे.

सायतामा_सातारकर | ८ जून, दुपारी १.३०

मी मूळचा शाहूपुरीचा, आता अकरा वर्षं जपानमध्ये. या विषयावर इथल्या माणसाला बोलतं करायला नको, सगळा देशच ऋतूवर बोलत असतो.

इथल्या जुन्या पंचांगात वर्षाचे २४ भाग, आणि प्रत्येकाचे पुन्हा तीन, असे ७२ लहान ऋतू आहेत. प्रत्येक जेमतेम पाच दिवसांचा. मूळ चिनी गणित, पण १६८५ मध्ये शिबुकावा शुनकाई या ज्योतिर्विदाने ते जपानच्या हवेला जुळवून घेतलं. ६ जूनच्या सुमारास जो सुरू होतो त्याचं नाव 'प्रार्थनाकीटक जन्मतात'. म्हणजे आपल्याकडे लाल मखमली मृगाचा किडा मातीतून वर येतो, त्याच दिवसांत इथले लोक दुसऱ्या किड्यावरून ऋतू ओळखतात. ११ जूनच्या पुढचा तर मला पाठ आहे: 'कुजलेलं गवत काजवे होतं.' कोयनेकडे मामाच्या गावाला पावसाच्या तोंडाशी काजव्यांनी झाड लखलखायचं, ते ज्याने पाहिलंय त्याला हे नाव समजावून सांगायला नको.

आता दुकान. आमच्या सुपरमार्केटच्या दारात सध्या हिरव्या 'उमे' फळांच्या पिशव्या, शेजारी खडीसाखरेची पाकिटं, आणि लाल झाकणाच्या मोठाल्या काचेच्या बरण्या रचून ठेवल्यात. त्याचं सरबत घालतात, मद्य घालतात, खारवतात. पहिल्या वर्षी ती रास बघून मी तिथेच उभा राहिलो. कैऱ्या, खडे मीठ आणि चिनी मातीच्या बरण्या, आमच्या आईचा अख्खा मे महिना समोर होता. फरक एवढाच, की आपण वाळवणं पावसाआधी उरकतो. इथे जूनमध्ये खारवलेली उमे पावसाळा संपल्यावर, जुलैच्या शेवटी, तीन दिवस उन्हात घालतात.

कोपऱ्यावरच्या 'कोनबिनी'चंही सांगतो. चोवीस तास उघडं लहान दुकान, वीजबिल तिथे भरता येतं, पार्सल तिथून जातं. अशा दुकानांतल्या एका मोठ्या साखळीचं जपानमधलं पहिलं दुकान १९७४ मध्ये तोक्योच्या तोयोसू भागात उघडलं. सगळी दुकानं सारखीच दिसतात, तरी ऋतू चुकत नाही. उकाडा वाढला की गार शेवयांची पाटी लागते, 'सुरू केलंय' असं लिहिलेली. हवा फिरली की गल्ल्याशेजारी ओदेनचं पातेलं येतं, रश्शात मुळा, अंडी, माशाचे गोळे. त्या वाफेचा वास आला की मी कपाटातून स्वेटर बाहेर काढतो.

मिरजमैना | ८ जून, दुपारी १.५२

'कुजलेलं गवत काजवे होतं.' वाचून थांबले. पुन्हा वाचलं.

द्राक्षबाग | ८ जून, रात्री ९.२०

आम्ही तासगाव भागातले. आमच्याकडं वर्षाला दोन पाडवे. एक एप्रिलची खरड छाटणी, दुसरी ऑक्टोबरची फळछाटणी. एप्रिलला वेल खरडून काढायचा म्हणजे पावसाळ्यात नवी काडी तयार होते, ऑक्टोबरला त्या काडीवर माल धरायचा. त्यामुळं ऋतू कळायचं दुकान म्हणजे कृषी सेवा केंद्र. दारात छाटणीच्या कात्र्या लागल्या, डोळे फुटायला लावायच्या पेस्टचे डबे आले, की गावाची झोप गेली. मार्चमध्ये त्याच दुकानात बेदाण्याचं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट. त्यात घड बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे, पंधरा दिवसांत बेदाणा. हवा कोरडी पाहिजे मात्र.

काकू, तुमची दोरी चुकत नाही म्हणता, पण आभाळ चुकतंय हो. शेडवर माल असताना पाऊस येतो. फुलोऱ्यात असताना येतो. दुकानदार त्याच्या तारखेला डबे मांडतो आणि पाऊस त्याच्या मनानं येतो. त्या दिवशी दुकानात कुणी काही विकत घेत नाही. नुसते येऊन बसतात. दुकानदार चहा सांगतो. हा पण एक ऋतूच झालाय आता, त्याला नाव नाही.

कृष्णाकाठची | ९ जून, सकाळी ६.५५

दादा, तुमचं वाचून रात्री बराच वेळ जागी होते. माझ्या माहेरी बाग होती, फेब्रुवारीत ढग आले की वडील जेवायचे नाहीत. तुम्ही लिहिलंत ते या धाग्यात असायलाच हवं होतं.

अमराई | ९ जून, सकाळी १०.१०

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. हे सगळं जुन्या पेठेपुरतं खरं आहे. मी विश्रामबागला राहतो. इथल्या मॉलमध्ये मटार बारा महिने गोठवलेला, सफरचंद बारा महिने, स्वेटर ऑगस्टमध्येच सेलला. शीतगृहं आली, बोटीतून फळं यायला लागली. माझ्या मुलीला हुरडा कधी येतो हे माहीत नाही, आणि तिचं त्यावाचून काही अडत नाही. आपण आठवणींना ऋतू म्हणतोय का?

मिरजमैना | ९ जून, दुपारी ४.३५

अमराई, मी इंग्लंडमध्ये लेस्टरला परिचारिका आहे. इथल्या मोठ्या दुकानात तुम्ही म्हणता तसंच सगळं बारमाही आहे. स्ट्रॉबेरी जानेवारीतही, पाण्यासारखी. तरीही ऋतू दुकानात आहे, फक्त कुठल्या दुकानात ते बघावं लागतं.

आमच्या कोपऱ्यावरचं दुकान एका गुजराती काकांचं. १९७२ मध्ये युगांडातून आशियाई लोकांना घालवून दिलं, त्यात त्यांचं कुटुंब इथे आलं. तशी कितीतरी कुटुंबं आली आणि या शहराच्या गल्ल्यागल्ल्यांत दुकानं उभी राहिली. रविवारी मोठ्या दुकानांना इथे सहाच तास उघडं राहता येतं. १९९४ चा कायदा आहे, २८० चौरस मीटरच्या वरच्या दुकानांसाठी. काकांचं दुकान लहान, त्यामुळे ते रात्रीपर्यंत उघडं. रात्रपाळी संपवून मी थेट तिथे जाते.

एप्रिलमध्ये एका सकाळी फुटपाथवर हापूसच्या पेट्या रचलेल्या असतात. बाहेर अजून कोट घालावा लागतो, पण माझा उन्हाळा त्या दिवशी सुरू होतो. २०१४ मध्ये फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने १ मेपासून आपल्या आंब्यावर बंदी घातली. त्या वर्षी फुटपाथ रिकामा राहिला. नंतर पाकिस्तानातला सिंधडी आला, चौसा आला, चांगले असतात ते आंबे, मी खाल्ले. पण काका रोज म्हणायचे, 'बेन, आ साल उनाळो आव्योज नहि.' जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली. पुढच्या एप्रिलला त्यांनी पहिली पेटी फोडून दुकानात येईल त्याला एकेक फोड दिली, इंग्रज पोस्टमनलासुद्धा. हे सगळं आठवणींपुरतं असतं तर त्या पेट्यांसाठी सत्तर वर्षांचा माणूस पहाटे चारला घाऊक बाजारात गेला नसता.

अमराई | ९ जून, संध्याकाळी ६.०२

मिरजमैनाताई, पटलं. 'कुठल्या दुकानात ते बघावं लागतं' हे लक्षात ठेवीन. मुलीला या थंडीत हुरड्याला नेतो, खानापूरकडे चुलत्यांचं रान आहे.

काहील | १० जून, सकाळी ५.४५

कऱ्हाडजवळचा मी, सध्या कॅनडात, ऑन्टारिओत. उशिरा लिहितोय.

इथे दूध पिशवीतून मिळतं हे कळलं तेव्हा मी आईला फोन केला होता. चार लिटरची एक मोठी पिशवी, आत तीन लहान. ती प्लास्टिकच्या जगमध्ये उभी करायची, कोपरा कात्रीने कापायचा. सांगलीकडच्या लोकांना भिलवडीहून येणारी दुधाची पिशवी माहीत असते, इथल्या दुसऱ्या काही प्रांतांतल्या लोकांना मात्र याचं फार नवल वाटतं.

ऋतूचं दुकान म्हणाल तर हार्डवेअरचं. नोव्हेंबरात दारात मिठाच्या गोण्या येतात, खायच्या मिठाच्या नव्हे, फरशीवरचा बर्फ वितळवायच्या. शेजारी फावडी. एप्रिल-मेमध्ये त्याच जागी मातीच्या पिशव्या आणि रोपं.

पण मला सांगायचंय ते मार्चचं. रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं अशा दिवसांत मेपलच्या झाडात रस चढतो. झाडाला भोक पाडून तो गोळा करतात आणि आटवतात. साधारण ४० लिटर रसाचा एक लिटर पाक होतो. जंगलात त्यासाठी खोपटं असतात. पहिल्यांदा मी गेलो, दार उघडलं, आणि आतून वाफेचा लोट अंगावर आला. लाकडाचा धूर, गोड वास, पसरट भांड्यात उकळता रस, आणि एक म्हातारा लांब झाऱ्याने फेस काढतोय. आमच्या गुऱ्हाळातले गुळवे अगदी तसेच उभे राहायचे. तसंच खाली वाकून बुडबुड्याकडे बघायचं. बुडबुडा बदलला की पाक झाला, हे त्यालाही कुणी यंत्राने सांगितलेलं नव्हतं. त्याने मला बर्फावर ओतलेला गरम पाक काडीला गुंडाळून दिला. आमच्याकडे उसाच्या कांडक्यावर गरम गूळ द्यायचे. मी तिथे रडलो, आणि माझ्या बायकोने त्या म्हाताऱ्याला समजावून सांगितलं का ते.

आता दर मार्चमध्ये त्याच्याकडूनच पाक घेतो. दिवाळीनंतर भाऊ गावाकडून काकवीचा डबा पाठवतो. फडताळात दोन्ही शेजारी असतात.

द्राक्षबाग | १० जून, सकाळी ८.३०

काहील, आमच्या पाहुण्यांचं गुऱ्हाळ शिराळ्याकडं अजून चालू आहे. पुढच्या येण्याला कळवा. चुलवाणापाशी बसू.

सहा_ऋतू | १२ जून, दुपारी १२.१५

माहेर सांगली गावभाग, आता ऑस्ट्रेलियात पर्थला. तुमच्याकडे मृग लागला तेव्हा आमचा हिवाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. इथे ऋतू महिन्याच्या एक तारखेला बदलतात, १ जून म्हणजे हिवाळा, १ सप्टेंबर म्हणजे वसंत. सरकारी कागदासारखं.

पण इथल्या मूळच्या नूंगार लोकांचे ऋतू चार नाहीत, सहा आहेत! बिराक, बुनुरू, जेरान, मकुरू, जिल्बा, कंबारांग. पहिल्यांदा एका बागेतल्या फलकावर वाचलं आणि मी तिथेच वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर असं मोठ्याने म्हटलं. माझा धाकटा मुलगा म्हणाला, आई, त्यांचेपण सहा, तुझेपण सहा. सध्या मकुरू चालू आहे, थंडीचा आणि पावसाचा. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो. पेट्रोल पंपावर जाळीच्या पिशव्यांत जळाऊ लाकडं विकायला आली की मी ओळखते.

आंबा मात्र डिसेंबरात. नाताळच्या आठवड्यात भाजीवाल्या इटालियन आजोबांच्या दुकानात आंब्यांचे खोके रचलेले, बाहेर भट्टीसारखं ऊन, आणि दुपारनंतर समुद्रावरून गार वारा सुटतो. त्या वाऱ्याला इथे 'फ्रीमँटलचा डॉक्टर' म्हणतात. त्याच दिवसांत आई फोनवर सांगत असते, आज फार गारठा आहे, ओल्या हळदीचं लोणचं घातलं. मी आंबा कापता कापता ते ऐकते. सुरुवातीची दोन वर्षं याचा फार त्रास झाला. डिसेंबरात आमरस गळ्याखाली उतरेना. मग एका वर्षी आईने विचारलं, तुझ्याकडे आंबा आहे ना, मग पुरणपोळी कर आणि खा, आंबा बघून सण करायचा असतो. तेव्हापासून आमच्या घरी नाताळात पुरणपोळी आणि आमरस असतो.

यवतेश्वर | १२ जून, दुपारी १.४०

'आंबा बघून सण करायचा.' ताई, आईंना नमस्कार सांगा.

माणदेशी | १५ जून, रात्री ११.१०

आमचा माण तालुका म्हणजे सातारा जिल्ह्यातलाच, पण महाबळेश्वरच्या पावसाच्या दहाव्या हिश्श्याएवढाही पाऊस आमच्या वाट्याला जेमतेम येतो. सह्याद्री सगळं वरच अडवतो. त्यामुळे मी शारजात आलो तेव्हा ऊन मला नवीन नव्हतं. पण हे ऊन वेगळं. यात दमटपणा असतो, रात्रीही उतरत नाही.

आज १५ जून. आजपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला इथे बंदी असते. मी बांधकामावर सुपरवायझर आहे. आमचा ऋतू आज बदलला. दुपारी माणसं सावलीत झोपतात, आणि खालच्या बकाल्यात, म्हणजे आपल्या टपरीवजा किराण्यात, ताकाच्या बाटल्या अकरा वाजताच संपतात. बकाला चालवणारा केरळचा. फोन केला की एक लिंबू, एक पाव असलं तरी चौथ्या मजल्यावर आणून देतो आणि वहीत मांडून ठेवतो. दहिवडीच्या आमच्या दुकानदारानेही माझ्या वडिलांचं असंच मांडून ठेवलं होतं, दोन दुष्काळांत.

आता त्याच्या दुकानात ताजा खजूर येईल. आधी पिवळा, करकरीत, फांदीसकट. मग मऊ.

आणि खरं सांगायचं ते हे. ऑगस्टच्या शेवटी, २४ तारखेच्या आसपास, पहाटे दक्षिणेला एक तारा दिसायला लागतो. अरब लोक त्याला सुहैल म्हणतात आणि फार मानतात. सुहैल उगवला की उन्हाचा कणा मोडला. मी दोन वर्षं नुसतं ऐकत होतो. मग एका पहाटे बकाल्याबाहेर एका ओमानी म्हाताऱ्याने बोट करून दाखवला, आणि मी ओळखला. आमचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, त्यांनी मला लहानपणी तोच तारा दाखवला होता. अगस्ती. अगस्ती उगवला की नद्यांचं गढूळ पाणी निवळतं, असं ते म्हणायचे. मी त्या म्हाताऱ्याला मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, की हा आमच्याकडे ऋषी आहे, त्याने समुद्र पिऊन टाकला होता. त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सायतामा_सातारकर | १६ जून, सकाळी ७.१५

माणदेशी, मी इथून दक्षिणेकडे बघणार आहे. जपानमध्ये तो क्षितिजाला अगदी टेकून जातो, तोही हिवाळ्यात. इथे म्हणतात, जो तो बघेल तो दीर्घायुषी होतो.

संगम_हरिपूर | १८ जुलै, रात्री १०.५०

महिनाभराने धागा वर आणतोय, कारण आमच्याकडे हे दिवस आले की झोप लागत नाही. मी हरिपूरचा, वारणा-कृष्णेचा संगम घराच्या गच्चीतून दिसतो. आमच्या गावची हळदीची पेवं सगळ्यांना माहीत असतील. जमिनीत खोल खणलेली, तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. २००५ च्या पुरात पुष्कळ पेवांत पाणी गेलं. आजोबांनी त्यानंतर पेव भरलं नाही.

मी नेदरलँड्सच्या दक्षिणेला, लिम्बुर्ख प्रांतात नोकरी करतो. या देशाला पाणी नवीन नाही. १९५३ मध्ये समुद्र आत आला तेव्हा इथली १८३६ माणसं गेली. पण ते फेब्रुवारीच्या तोंडावर. इथे पाण्याचा हंगाम हिवाळ्याचा, वादळांचा. जुलै म्हणजे सुट्टीचे दिवस, हॉटेलांच्या खुर्च्या रस्त्यावर. २०२१ च्या जुलैच्या मध्यावर भलत्याच पावसाने लहान नद्या फुगल्या आणि फाल्कनबर्ख नावाच्या गावच्या बाजारपेठेतून पाणी वाहिलं. मी मदतीला गेलो होतो. पाणी उतरल्यावर एक पुस्तकांचं दुकान आम्ही पाच जणांनी मिळून रिकामं केलं. दुकानदार बाई सारखी एकच म्हणत होती, 'जुलैमध्ये? जुलैमध्ये?' तिने सगळं खालच्या फळ्यांवर ठेवलं होतं, कारण जुलैमध्ये वर उचलायचं तिच्या हिशोबातच नव्हतं.

त्यानंतर दहा दिवसांच्या आत सांगलीत पाणी चढलं. मी इथल्या चिखलाचे बूट धुतले नव्हते आणि फोनवर वडील आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं ते सांगत होते. आमचे दुकानदार मात्र जुलैला जुलै म्हणूनच ओळखतात. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला, आणि फार वाईटही वाटलं, की त्यांना हे इतकं येतं.

काकू, पेठेत काय परिस्थिती आहे?

कृष्णाकाठची | १९ जुलै, सकाळी ८.१५

पाणी पात्रात आहे बाळा, काळजी करू नकोस. कोयनेचा विसर्ग आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही.

बाहेरगावच्यांसाठी लिहिते. आयर्विन पूल १९२९ चा. त्यावर पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पेठेतल्या आमच्या दुकानात आतल्या भिंतीवर मालकांनी त्या वर्षीची रेघ निळ्या तेलरंगाने मारून ठेवली आहे, माझ्या डोक्याच्या बरीच वर. २००५ ची तिच्या खाली आहे.

काल संध्याकाळी मी गेले होते. दारात भावांची पाटी असते ना, साखर, शेंगदाणे, पोहे, तिच्या खाली आता रोज आयर्विनचे फूट लिहिलेले असतात. सकाळी एक आकडा, दुपारी खोडून दुसरा. गिऱ्हाईक आधी खालची ओळ वाचतं आणि मग साखर मागतं. आत मालकांचा नातू आणि दोन गडी खालच्या दोन फळ्या रिकाम्या करत होते. तांदळाची पोती माळ्यावर, साखर माळ्यावर, तेलाचे डबे वरच्या फळीला, वह्या पिशवीत बांधून गल्ल्याच्या वर. कुणी घाईत नव्हतं. मालक खुर्चीत बसून कुठलं पोतं आधी हे नुसत्या बोटाने दाखवत होते. मी विचारलं, आत्तापासूनच? ते म्हणाले, आषाढ आहे बाई.

वर्षाची चटणी बरणीत असते, तशी त्यांच्याकडे माळ्यावरची जागा आधीच मोजलेली आहे. मी राजगिरा आणि वरी घेतली, काडेपेट्या जास्तीच्या घेतल्या, मेणबत्त्या घेतल्या.

निघताना दाराशी दोरीकडे बघितलं. प्लास्टिकचे कागद संपत आलेत, एका टोकाला दोन-तीन उरलेत. बाकी सगळ्या दोरीवर नागपंचमीच्या लाह्यांच्या पिशव्या टांगल्या आहेत. नातवाने विचारलं, आजोबा, ह्यापण वर टाकू का? ते म्हणाले, त्या राहू देत.